स्क्रूला हात न लावता बिघडलेलं मिश्रण

गेल्या दोन-तीन वर्षांत जुनी गाडी जपणाऱ्या कितीतरी जणांनी मला जवळपास एकच तक्रार सांगितली आहे. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला की गाडी आधी आवंढा गिळते आणि मग पळते. सकाळी चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. चढावर ओढ कमी वाटते. कार्बोरेटर दोनदा साफ झालेला असतो, प्लग नवे असतात, पॉइंटची गॅप लावलेली असते. शेवटी मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, आता वय झालं तिचं.’

बहुतेक वेळा वय झालेलं नसतं, पेट्रोल बदललेलं असतं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं आणि आज ते जवळपास सगळीकडे आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला साधारण ९ किलो. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा आकडा १३.५च्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला तो कळायचा मार्गच नाही. त्यातलं जेट म्हणजे पितळेच्या तुकड्यातलं एक मोजून पाडलेलं भोक. १९८५ साली त्यातून जेवढं इंधन जायचं, तेवढंच आजही जातं. म्हणजे कोणी स्क्रूला हातही न लावता आपल्या गाड्या सुमारे ८ टक्के लीन झाल्या आहेत, मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त.

आठ टक्के हा फरक अडचणीचा आहे. गाडी बंद पडावी इतका तो मोठा नाही आणि दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही. कानाने तो नेमका पकडणारी माणसंही आता कमी झाली. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. रोज पाच-दहा पद्मिनींचे कार्बोरेटर उघडणारे, इंजिनाच्या आवाजावर स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे ते सांगणारे मिस्त्री होते, त्यांचं रोजचं कामही त्या टॅक्सींबरोबर गेलं. ज्यांच्याकडे अजून असा मिस्त्री आहे त्यांनी त्याला धरून ठेवावं. बाकीच्यांनी सायलेन्सरच्या पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी हे माझ्या १०८९ सीसीच्या, सोलेक्स कार्बोरेटरच्या पद्मिनीवर केलं आहे. एकाच घशाच्या इतर कार्बोरेटरनाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल.

सेन्सर दोन प्रकारचे मिळतात आणि घेताना चूक होते ती इथेच. बॉशने बनवलेला पहिला ऑक्सिजन सेन्सर, म्हणजेच लॅम्डा सेन्सर, १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत आला. तो झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा होता. एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकावर तो थोडा व्होल्टेज देतो. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर ०.८-०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१-०.२ आणि बरोबर मधल्या बिंदूवर ०.४५च्या आसपास. स्पेअरच्या दुकानात इंजेक्शनच्या गाडीचा म्हणून जो साधा सेन्सर मिळतो तो बहुतेक याच जातीचा, म्हणजे नॅरोबँड. तो फक्त ‘मधल्या रेषेच्या अलीकडे’ किंवा ‘पलीकडे’ एवढं सांगतो. किती अलीकडे, हे सांगत नाही. घाट चढताना आपल्याला मुद्दाम रिच मिश्रण हवं असतं आणि नेमकं तिथेच तो गप्प बसतो. त्यामुळे पैसे घालायचेच तर वाइडबँड सेन्सर, त्याचा कंट्रोलर आणि डॅशबोर्डवर लावायचा मीटर असा संच घ्या. बॉशचा एलएसयू ४.९ बहुतेक संचांत असतो. हा सेन्सर आपल्या आत ऑक्सिजन पंप करून समतोल साधतो आणि त्यासाठी किती करंट लागला त्यावरून मिश्रण मोजतो. म्हणूनच तो रिच आणि लीन दोन्हीकडे खरा आकडा देतो.

मीटर कसला आकडा दाखवतो तेही बघून घ्या. बरेच मीटर हवा-इंधनाचं प्रमाण दाखवतात, १४.७, १३.२ असं. पण सेन्सर प्रत्यक्षात ते मोजत नाही. तो मोजतो लॅम्डा, म्हणजे जळायला जेवढी हवा लागते त्याच्या किती पट हवा होती. १.०० म्हणजे नेमकी, ०.९० म्हणजे दहा टक्के कमी, १.१० म्हणजे दहा टक्के जास्त. मीटर त्या लॅम्डाला १४.७ने गुणून आकडा दाखवतो. टाकीत वीस टक्के इथेनॉल असलं तरी तो १४.७नेच गुणतो. म्हणून मीटर लॅम्डावर लावा आणि प्रमाणाचे आकडे विसरून जा. टाकीत काहीही असलं तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. जुन्या पुस्तकात ‘१३ला १’ लिहिलंय म्हणून मीटरवर १३ आणायच्या मागे लागलात, तर नेमकं काय साधलं हे तुम्हालाच कळणार नाही.

बसवण्याचं काम वेल्डरचं आहे, पण जागा तुम्ही दाखवा. सेन्सरचा आटा १८ मिलिमीटरचा, दीडच्या पिचचा असतो. त्याचा नट पाइपावर वेल्ड करून घ्यायचा. मॅनिफोल्डला अगदी चिकटून नको, तिथे सेन्सर फार तापतो. फार मागे सायलेन्सरजवळही नको, तिथे बाहेरची हवा उलटी आत येते. मॅनिफोल्डच्या जोडापासून दीड-दोन फुटांवर, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यानंतरची जागा धरा. सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात, घड्याळात दहा ते दोन वाजण्याच्या दरम्यान राहिला पाहिजे. सकाळी थंड पाइपात पाण्याचे थेंब जमतात, ते तापलेल्या सिरॅमिकवर पडले तर त्याला तडा जातो. वायर इग्निशनवरून, फ्यूज आणि रिले घालून द्या. जुन्या डायनॅमोच्या गाडीत आयडलिंगला चार्जिंग जेमतेम असतं आणि सेन्सरचा हीटर सुरुवातीला बराच करंट ओढतो, तेव्हा बॅटरी चांगली हवी. एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सेन्सर पाइपात असताना त्याला वीज न देता इंजिन चालवू नका. थंड सेन्सरवर काजळी बसते आणि तो कायमचा जातो. मॅनिफोल्डच्या आसपास साधा सिलिकॉनचा गॅस्केट मेकरही वापरू नका, त्याची वाफ सेन्सर खराब करते.

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण मी स्वतः त्यात फसलो. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो ऑक्सिजन कुठून आला, हे त्याला माहीत नसतं. माझ्या गाडीत आयडलिंगला लॅम्डा १.१५ दिसत होता. मी आयडलिंगला इंधन देणारं पायलट जेट एक नंबर वाढवलं, मग आणखी एक. मीटर जेमतेम हलला आणि गाडी मात्र काळा धूर सोडू लागली, प्लग काजळले. जवळपास आठवडाभर मी जेट बदलत होतो. शेवटी मॅनिफोल्ड आणि पाइपाच्या जोडातलं गॅस्केट एका कडेला जळलेलं सापडलं. प्रत्येक ठोक्यामागे तिथून चिमूटभर ताजी हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर इमानाने तीच मोजत होता. एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तरी हेच होतं. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, मीटर लीन म्हणतो आणि प्रत्यक्षात पेट्रोलचा वास येत असतो. मीटर आणि नाक यांचं पटत नसेल तर जेटला हात लावू नका, आधी गळती आणि स्पार्क बघा.

त्यामुळे ट्यूनिंगचा पहिला दिवस कार्बोरेटर सोडून बाकी सगळ्यावर जातो आणि तो तसाच जावा. टॅपेट, पॉइंटची गॅप, इग्निशन टायमिंग, प्लग, प्लगच्या वायरी बघा. कार्बोरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि थ्रॉटलच्या दांड्याची झीज तपासा. दांडा हाताने हलवला आणि लडबडला, तर तिथून हवा ओढली जाते आणि कुठलंही जेट ते भरून काढू शकत नाही. लेथवाल्याकडून नवा बुश बसवून घ्या.

इथेनॉलमुळे आणखी एक काम वाढलं आहे. जुने रबरी पाइप त्यात फुगतात, मग कडक होऊन चिरतात. पेट्रोल पंपाचा डायफ्राम बदलावा लागतो. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला राळेसारखा थर इथेनॉल सुटा करतं आणि तो सरळ जेटमध्ये येऊन बसतो. इथेनॉल चालेल असा पाइप, नवा फिल्टर आणि साफ टाकी याशिवाय ट्यूनिंगला सुरुवात करू नका. नाहीतर आज लावलेलं जेट पुढच्या आठवड्यात कचऱ्याने बुजलेलं निघेल.

फ्लोटची पातळीही याच वेळी बघा. ती बिघडली की आयडलिंगपासून घाटापर्यंत सगळीकडे मिश्रण एकाच बाजूला सरकतं. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्हखाली तांब्याचा वॉशर असतो. तो जाड घातला की पातळी खाली जाते, पातळ घातला की वर येते.

दुसऱ्या दिवशी गाडी पूर्ण तापवा. निदान पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा, नुसती उभी ठेवून नको. चोक पूर्ण आत. एअर फिल्टर त्याच्या झाकणासह बसवलेला हवा, कारण तो काढला की कार्बोरेटरला वेगळाच श्वास मिळतो. काम उघड्यावर करा. बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. हाताशी आग विझवायचं नळकांडं असू द्या.

आयडलिंगपासून सुरू करा. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या. आवळू नका, नाहीतर टोकावर कायमचा वळ उठतो. मग दीड फेरा बाहेर काढा. या सोलेक्समध्ये तो बुडाशी असतो आणि बाहेर काढला की मिश्रण रिच होतं. काही इतर कार्बोरेटरमध्ये तो हवेचा असतो आणि सगळं उलटं होतं, तेव्हा आधी तुमचा कुठला ते ठरवा. स्क्रू पाव फेरा फिरवा, मग थांबा. आयडलिंगला धूर संथ वाहतो, मीटरला सात-आठ सेकंद द्या. लॅम्डा ०.९२ ते ०.९७ दरम्यान इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालेल अशी एक जागा सापडते. अगदी १.०० आणायच्या मागे लागू नका. एका कार्बोरेटरमधून चार सिलिंडरना मिश्रण कधीच सारखं वाटलं जात नाही आणि सेन्सर त्यांची सरासरी दाखवतो. सरासरी १.०० असेल तर एखादा सिलिंडर १.०६ला असू शकतो आणि तोच ठसकतो. स्क्रू अडीच-तीन फेरे बाहेर काढूनही लॅम्डा खाली येत नसेल तर पायलट जेट लहान पडतंय. वीस टक्के इथेनॉलवर असं बऱ्याचदा होतं.

तो आवंढा राहतो ती जागा आयडलिंगच्या लगेच पुढे असते. थ्रॉटल जेमतेम उघडल्यावर इंधन पायलट जेटमधूनच, पण बाजूच्या बारीक भोकांतून येतं. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५-३० किलोमीटरने, पाय अगदी अलगद ठेवून चालवा. इथे मीटर १.१०च्या वर गेला तर तुमचा दोषी सापडला. पायलट जेट एक नंबर वाढवायचं आणि आयडलिंगचा स्क्रू पुन्हा लावायचा.

मग मेन जेट. चौथ्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर स्थिर ६० ते ७०, आणि मीटर ०.९८ ते १.०५ दरम्यान हवा. सरळ रस्त्यावर थोडं लीन चालेल, तिथेच पेट्रोल वाचतं. पण चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, आकडा ०.८६ ते ०.८८वर यायलाच हवा. ताकद तिथे मिळते आणि जास्तीच्या इंधनाने सिलिंडरचं तापमानही आवाक्यात राहतं. पूर्ण दाबावर १.००च्या आसपास आकडा दिसला तर पाय लगेच सोडा आणि त्या दिवशी घाट चढू नका. ही चाचणी मी दिवे घाटात पहाटे घेतो, रस्ता मोकळा असताना आणि मीटर वाचायला शेजारी दुसरा माणूस बसवूनच. गाडी चालवणाऱ्याने मीटरकडे बघू नये. शेजारच्याने आकडे वहीत लिहावेत.

जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. पण इंधन जातं ते भोकाच्या क्षेत्रफळावर आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गाने. ११५ काढून १२० घातलं तर व्यास चारच टक्क्यांनी वाढला, इंधन मात्र सुमारे नऊ टक्क्यांनी. इथेनॉलने खाल्लेले आठ टक्के भरून काढायला म्हणजे जवळपास एवढंच लागतं. माझ्या मते बहुतेक गाड्यांना मेन जेट एक पायरी आणि पायलट जेट अर्धी ते एक पायरी वाढवून पुरतं. पण हे मीटरवर पाहून ठरवा, माझ्या शब्दावर नको. आणि जेट मिळत नाही म्हणून तार किंवा ड्रिल घालून भोक मोठं करू नका. भोकाची कड खरबरीत झाली की तो नंबर खोटा होतो आणि मागे जायचा रस्ता बंद होतो. स्थिर वेगाला आकडा बरोबर, पण इंजिन वर फिरवल्यावर लीन किंवा रिच होतो, असं असेल तर मेन जेट तसंच ठेवून एअर करेक्शन जेट बदला. ते मोठं केलं की वरच्या फेऱ्यांना मिश्रण लीन होतं.

अ‍ॅक्सिलरेटर पंप सगळ्यात शेवटी. तिसऱ्या गिअरमध्ये ४०वरून पाय एकदम दाबला की मीटर क्षणभर लीनकडे उडी मारतो आणि मग रिच होतो. ती उडी लहान असेल आणि गाडी अडखळत नसेल तर सोडून द्या. अडखळत असेल तर पंपाचा डायफ्राम बघा, नंतर त्याच्या दांड्याची सेटिंग. हे आधी करून चालत नाही, कारण खाली पायलट जेट लीन असेल तर तोच दोष पंपाचा म्हणून दिसतो.

एक सवय लावून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तारीख, जेटचे नंबर, स्क्रूचे फेरे, हवामान आणि मीटरचे आकडे लिहा. गावही लिहा. मुंबईत समुद्रसपाटीला लावलेली गाडी साडेपाचशे मीटर उंचीच्या पुण्यात अडीच-तीन टक्के रिच होते आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, सहा टक्क्यांच्या आसपास. हवा विरळ होते, इंधन मात्र तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. पुण्यातून कोकणात उतरणाऱ्याने म्हणून घरी मुद्दाम थोडं रिच ठेवावं. घाट उतरल्यावर ते आपोआप जागेवर येतं.

पीयूसीची काळजी वाटेल, पण ती करायचं कारण नाही. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल कारला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. लॅम्डा ०.९५ला तो दीड-दोन टक्क्यांच्या आसपास येतो. ०.९०च्या खाली गेलात तर मात्र तपासणीत अडकाल.

सगळं जमलं की आठ-पंधरा दिवस रोजच्या रस्त्यावर चालवा आणि मीटरवर अधूनमधून लक्ष ठेवा. एकदा चारही प्लग काढून एकमेकांशेजारी ठेवा. रंगावरून मिश्रण ओळखण्यावर आताच्या पेट्रोलमध्ये मी फारसा विसंबत नाही, पण चारांतला एक वेगळा दिसला तर तो काही सांगत असतो. मग सेन्सर काढून ठेवा. जुनं इंजिन थोडं ऑइल जाळतंच आणि ते सेन्सरवर बसत राहतं. त्या नटात १८ मिलिमीटरचा डाट बसवा, आट्यांना तांब्याची पेस्ट लावून, म्हणजे पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायला तो सहज निघेल. जेटचे नंबर एका कागदावर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, तुमच्या पश्चात ती गाडी उघडणाऱ्याला ते सापडले पाहिजेत.